प्रकाशाला औषध बनविणारे डॉ. फिन्सन

छपरावर ऊन खात बसलेले एक मांजर. सावली सरकत जवळ आली, की ते उठून पुन्हा उन्हात जाऊन बसे. कोपनहेगनमधील आपल्या खिडकीतून हे पाहणारे नील्स रीबर्ग फिन्सन तेव्हा स्वतः आजारी होते. सजीवांना प्रकाशाची अशी ओढ का असावी, या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही.

फिन्सन यांचा जन्म 15 डिसेंबर 1860 रोजी फेरो बेटांवरील टोर्सहावन येथे झाला. आइसलँडमध्ये शालेय शिक्षण घेऊन ते कोपनहेगनला आले आणि 1890 मध्ये वैद्यकीय पदवीधर झाले. त्याच सुमारास हृदय व यकृताला ग्रासणारा विकार बळावत होता. पोटात वारंवार पाणी साचे. तरीही संशोधन थांबले नाही.

त्वचेचा क्षय त्या काळी रुग्णाचा चेहरा विद्रूप करून टाकत असे. कार्बन आर्क दिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटून फिन्सन यांनी 1895 मध्ये एका अभियंत्यावर उपचार केले आणि वर्षानुवर्षे न हटलेली व्याधी मागे हटली. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये त्यांची प्रकाशोपचार संस्था उभी राहिली. 1903 मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु चाकाच्या खुर्चीला खिळल्यामुळे ते स्वीकारण्यासाठी जाता आले नाही. 24 सप्टेंबर 1904 रोजी, अवघ्या 43व्या वर्षी त्यांचे निधन झाले. असंख्य रुग्णांना दिलासा देणारा प्रकाश त्यांच्या स्वतःच्या व्याधीवर मात्र चालला नाही.

त्यांच्या हयातीतच म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगद्रव्य आणि प्रकाश यांच्या संयोगाने त्वचेच्या गाठींवर उपचार करून पाहिले. आजची फोटोडायनॅमिक उपचारपद्धती याच वाटेने आली, आणि तिचा लाभ मांजरांनाही होतो. पांढऱ्या मांजरांच्या कानांची टोके व नाक यांवर सततच्या उन्हाने कर्करोग होऊ शकतो. प्रकाशसंवेदी औषध देऊन त्या जागी ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकला, की पेशींतील प्राणवायू क्रियाशील होऊन रोगट पेशी नष्ट करतो. गाठ लहान व वरवरची असेल तर गुण येतो. खोलवर गेलेल्या गाठीवर उपाय अपुरा पडतो आणि रोग उलटण्याची शक्यताही राहते.

छपरावरचे मांजर ज्या उन्हामागे सरकत होते, तेच ऊन त्याच्या जातभाईंना रोग देते. आणि त्यावरचा एक इलाजही प्रकाशातच सापडला आहे.