गुणपत्रिकेवाचून डॉक्टर झालेल्या रखमाबाई

रखमाबाईंचे नाव निघाले की पहिल्यांदा आठवतो तो खटला. बालपणी झालेले लग्न मान्य करण्यास नकार देणारी स्त्री म्हणून इतिहासाने त्यांची नोंद घेतली. त्यांची दुसरी लढाई मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. अकराव्या वर्षी लग्नाबरोबर शाळा सुटलेल्या या स्त्रीने पंचविशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर होण्याचा निश्चय केला आणि तो तडीस नेला.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग यांचे निधन झाले. पुढे आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते अध्यापनही करीत. वैद्यकशास्त्र असे घरातच वावरत होते, पण घरातल्या मुलीची शाळा मात्र अर्धवटच राहिली. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. त्या सासरी गेल्या नाहीत, माहेरीच राहिल्या आणि मिशनच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर घरच्या घरी शिकत राहिल्या. या शिक्षणाला ना इयत्ता होती, ना परीक्षा, ना गुण.

१८८४ साली दादाजींनी पत्नीने नांदायला यावे यासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यावर अपील झाले, प्रकरण पुन्हा सुनावणीला आले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, अन्यथा सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दर्शविली. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांच्यावर कठोर टीका केली, तर बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले.

याच काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर लिहिलेली त्यांची पत्रे गाजली. शाळेचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या स्त्रीने परक्या भाषेत केलेला तो युक्तिवाद होता. गुणपत्रिका नसली तरी अभ्यासाची सवय अंगी मुरली आहे, याचा तो पुरावाच म्हणावा लागेल.

खटला संपला तेव्हा रखमाबाई चोवीस वर्षांच्या होत होत्या. नाव सर्वतोमुखी झाले होते, पुढचा मार्ग मात्र धूसर होता. अशा वेळी कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले. पीची यांची स्वतःची कहाणी येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. १८७० साली एडिनबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्रात अव्वल गुण मिळवूनही केवळ स्त्री म्हणून त्यांना शिष्यवृत्ती नाकारण्यात आली होती. गुण असूनही दार बंद होते, हे अनुभवलेल्या बाईंनी गुण नसलेल्या मुलीची पात्रता ओळखली, हे विशेष.

मदतीचा निधी उभा राहिला आणि १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला रवाना झाल्या. तेथे मॅक्लरेन दाम्पत्याचा आधार त्यांना लाभला. सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ साली स्थापन झालेल्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये त्यांनी शिक्षण घेतले. रॉयल फ्री हॉस्पिटलात प्रत्यक्ष रुग्णसेवेचे धडे गिरविले. त्या काळी ब्रिटनमध्ये वैद्यकाच्या अभ्यासक्रमाआधी सामान्य शिक्षणाची परीक्षा द्यावी लागे. इतरांनी शाळेत सावकाश मिळविलेले ज्ञान रखमाबाईंना प्रौढ वयात, परक्या देशात भरून काढायचे होते. लंडनच्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा तेव्हा स्त्रियांना खुल्या नव्हत्या. स्कॉटलंडमधील वैद्यक संस्थांनी मात्र १८८६ पासून आपली दारे उघडली होती. रखमाबाईंनी अंतिम परीक्षा तेथे दिली आणि १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या.

आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पदवीधर झाल्या, परंतु दुसऱ्याच वर्षी त्यांचे निधन झाले. रुग्णसेवेची संधी त्यांना मिळालीच नाही. रखमाबाईंना ती मिळाली आणि त्यांनी तिचे सोने केले. १८९५ साली मायदेशी परतून त्यांनी सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची धुरा सांभाळली. १९१८ मध्ये त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या. सुमारे पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर त्या मुंबईत स्थायिक झाल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

आज सोलापूर जिल्ह्यातील जेऊरसारख्या स्थानकावर पुण्याची गाडी पकडून ‘नीट’च्या क्लासला निघालेल्या मुलामुलींपुढचा प्रश्न वेगळा भासतो, पण त्याचे मूळ तेच आहे. बारावीला कमी गुण पडले, मधली काही वर्षे दुसऱ्याच क्षेत्रात गेली, आता उशीर झाला का? या परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला घातलेली २५ वर्षांची कमाल वयोमर्यादा २०२२ साली हटविण्यात आली. रखमाबाईंनी ज्या वयात नवी वाट धरली, नेमक्या त्याच वयाच्या आसपास ती भिंत उभी होती. बारावी विज्ञान विषयांसह उत्तीर्ण होण्याची अट मात्र कायम आहे आणि त्या अटीवर खुद्द रखमाबाई आज दारातच अडल्या असत्या.

म्हणून त्यांच्या चरित्रातून गुणांना किंमत नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उणीव राहिलेला अभ्यास त्यांना करावाच लागला. अंतिम परीक्षेत त्यांच्यासाठी वेगळी फूटपट्टी नव्हती. मागे राहिलेली माणसे अंतर कापू शकतात. मात्र त्यासाठी त्यांना वेळ, पैसा आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारे कुणीतरी लागते. रखमाबाईंना हे तिन्ही मिळाले, आणि सुरत-राजकोटच्या असंख्य स्त्रियांना एक डॉक्टर मिळाली.