डॉक्टर म्हणाले पोट बिघडलंय, निघाला हार्ट अटॅक : आयझेनहॉवर यांच्या सात आठवड्यांची गोष्ट

२३ सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाईट आयझेनहॉवर सुट्टीसाठी डेन्व्हरला सासुरवाडीत आले होते. त्या दिवशी ते २७ होल गोल्फ खेळले. मध्येमध्ये परराष्ट्र खात्याच्या फोनसाठी खेळ सोडून पळावं लागत होतं, त्यामुळे पारा चढलेला. दुपारी हॅम्बर्गर आणि सोबत कच्चा कांदा खाल्ला. पोटात गडबड वाटली तेव्हा त्यांनी दोष कांद्यालाच दिला.

पहाटे अडीचच्या सुमारास छातीत जोरात कळ आली. पत्नी मॅमी यांनी डॉ. हॉवर्ड स्नायडर यांना फोन केला. स्नायडर लगेच आले, मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं आणि रुग्णाला झोप लागली. सकाळी पत्रकारांना सांगितलं गेलं, की पोट बिघडलंय. ईसीजी निघाला थेट दुपारी, आणि हार्ट अटॅक असल्याचं स्पष्ट झालं. मग राष्ट्राध्यक्षांना आधार देत चालतच गाडीपर्यंत नेलं. आज असं कुणी करणार नाही.

मधले ते तास वाया गेले का, यावर इतिहासकार अजूनही भांडतात. पण एक लक्षात घ्या, १९५५ मध्ये बायपास नव्हती, अँजिओप्लास्टी नव्हती, हार्ट पेशंटसाठी वेगळं आयसीयूही नव्हतं. होतं ते ऑक्सिजन, रक्त पातळ करणारी औषधं आणि आराम.

सोमवारी शेअर बाजार उघडला आणि डाऊ जोन्स एका दिवसात साडेसहा टक्के कोसळला. अशा वेळी बोस्टनहून आलेले हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाईट पत्रकारांसमोर उभे राहिले आणि हार्ट अटॅक म्हणजे काय, हे त्यांनी सोप्या भाषेत देशाला समजावलं. पुढे तर राष्ट्राध्यक्षांचं पोट साफ झालं, हेही त्यांनी जाहीर केलं! रुग्णाला ते फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. पण हार्ट अटॅक म्हणजे आयुष्य संपलं, हा समज मोडण्यात व्हाईट यांचा वाटा मोठा आहे. महिनोन् महिने पलंगावर पडून राहायला त्यांचा विरोध होता. रुग्णाने हालचाल करावी, असं ते सांगत.

मॅमी यांनी हॉस्पिटलातच मुक्काम हलवला आणि तिथे बसून त्या शुभेच्छांच्या पत्रांना उत्तरं देत होत्या. वॉशिंग्टनमध्ये उपराष्ट्राध्यक्ष निक्सन कॅबिनेटच्या बैठका चालवत होते, पण राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीत न बसता.

ऑक्टोबरमध्ये ६५वा वाढदिवस आला. पत्रकारांनी लाल पायजमा-शर्ट भेट दिला. बरं वाटतंय, आभारी आहे, अशा अर्थाचे शब्द त्याच्या खिशावर भरलेले होते. माजी जनरलसाठी कॉलरवर पाच ताऱ्यांची सोयही होती. तेच कपडे घालून, व्हीलचेअरवर बसून ते हॉस्पिटलच्या गच्चीवर फोटोग्राफर्ससमोर आले.

११ नोव्हेंबरला डेन्व्हर सोडताना त्यांनी डॉक्टर, नर्स आणि शहरातल्या लोकांचे आभार मानले. माणसं किती चांगली असतात हे आजारपणात कळतं, असा त्यांचा सूर होता. स्नायडर यांच्यावर नंतर टीका झाली, पण आयझेनहॉवर यांनी त्यांना बदललं नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या शेवटापर्यंत तेच त्यांचे डॉक्टर राहिले.

१९५६ मध्ये ते पुन्हा निवडून आले. डिसेंबर १९५९ मध्ये तर दिल्लीत आले, भारतात येणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. त्यांना बघायला रस्त्यांवर तोबा गर्दी उसळली होती. त्या अटॅकनंतर ते साडेतेरा वर्षं जगले. २८ मार्च १९६९ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांचं निधन झालं.