पगाराची तार

खरं सांगायचं तर हा लेख म्हणजे इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या असाइनमेंटमधलं उरलंसुरलं आहे. सरांनी प्रत्येकाला एकेक उद्योगपती वाटून दिला होता. जमशेटजी, किर्लोस्कर, वालचंद ही नावं पुढच्या बेंचवाल्यांनी पटापट उचलली आणि माझ्या वाट्याला आले सर दोराबजी टाटा. म्हटलं, मोठ्या बापाचा मुलगा, दोन पानांत उरकू. पण त्याच आठवड्यात बाबांच्या कंपनीत नोटीस लागली.

बाबा एका मोठ्या कारखान्यात मशीन शॉपला आहेत, २६ वर्षं. ऑर्डरी कमी झाल्यात हे घरी कळतच होतं. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी शिफ्ट, मग कँटीनमधलं गोड. नोटीस व्हीआरएसची होती. त्यातलं स्वेच्छा किती आणि सक्ती किती, यावर बाबांच्या बसमध्ये रोज परिसंवाद चालतो म्हणे. आई काही बोलत नाही, फक्त हल्ली दूध वारंवार उतू जातं. अशा घरात बसून मी दोराबजी वाचायला घेतले, त्यामुळे दोन पानांत उरकले नाहीत.

दोराबजींचा जन्म १८५९ चा, मुंबईचा. केंब्रिजला दोन वर्षं काढून ते परत आले, १८८२ मध्ये सेंट झेवियर्समधून बी.ए. झाले आणि नंतर चक्क बॉम्बे गॅझेटमध्ये पत्रकारी केली. मग वडिलांनी त्यांना कापडाच्या धंद्यात ओढलं, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये धाडलं. म्हणजे आपल्यासारखी चार वर्षांची डिग्री नाही, ट्रेनिंग सगळं शॉप फ्लोअरवर!

पोलादाचं स्वप्न जमशेटजींचं. पण ते १९०४ मध्ये गेले तेव्हा कारखाना सोडा, त्याची जागाही ठरली नव्हती. खनिज शोधायला चार्ल्स वेल्ड हा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ आणि दोराबजी आपल्या चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या जंगलात बैलगाडीतून हिंडले होते. लोहाऱ्याला लोखंड सापडलं, पण जवळ कामाचा कोळसा नव्हता. शोध थांबवतोय हे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेबाला वेळ होता, म्हणून ते समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथे प्र. ना. बोस यांनी केलेला नकाशा लटकत होता, दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा दाखवणारा. शोध पुन्हा चालू! (व्हायव्हाला बाहेर ताटकळताना मी आता नोटीस बोर्ड नीट वाचतो.) पुढे त्याच बोसांच्या पत्रामुळे मयूरभंजचे डोंगर सापडले आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला ठरला.

भांडवलासाठी लंडनने हात वर केले. १९०७ मध्ये मुंबईत शेअर विकायला काढले तर स्वदेशीच्या वाऱ्यात सुमारे ८ हजार लोकांनी तीन आठवड्यांत सगळी रक्कम भरली. १९१२ मध्ये पहिलं पोलाद निघालं. त्याच वर्षी आठ तासांची पाळी सुरू झाली, कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी. १९२० मध्ये भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड. आणखी बरंच आहे. बंगलोरची विज्ञान संस्था, खोपोलीची वीज, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपली पोरं पाठवणं (त्याची सुरुवात पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर झाली). मुळशीचं धरणही टाटांचंच, आणि त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ते मावळे सेनापती बापटांबरोबर १९२१ पासून सत्याग्रहाला बसले होते, हे आपण पुणेकरांनी विसरू नये. असाइनमेंटमध्ये हे लिहिलं तर सरांनी शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. असो.

मी अडकलो ते १९२४ वर. पहिल्या महायुद्धात जमशेदपूरच्या रुळांना प्रचंड मागणी होती, म्हणून कारखान्याचा मोठा विस्तार काढला. युद्ध संपलं, यंत्रांच्या किमती चढल्या, मजुरी चढली आणि पोलादाचा भाव मात्र कोसळला. बेल्जियमचा स्वस्त माल बंदरात येऊन पडू लागला. जपान बिडाचं मोठं गिऱ्हाईक, तिथे १९२३ मध्ये भूकंप झाला. नवीन भट्ट्या अर्धवट, कर्ज मात्र पूर्ण. आणि १९२४ मध्ये जमशेदपूरहून मुंबईला तार आली की, पगार वाटायला पैसे नाहीत.

ती तार घेऊन दोराबजी बसले असतील तेव्हा त्यांचं वय ६५ च्या आसपास होतं. कंपनी सोडून दिली असती तरी त्यांचं वैयक्तिक काही अडत नव्हतं. त्यांनी काय केलं, तर आपली जवळपास सगळी खाजगी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपये उभे केले. त्यात पत्नी मेहेरबाईंचे दागिनेही होते. ज्युबिली हिराही त्यातच. २४५ कॅरेटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, हौसेने बायकोसाठी घेतलेला. पगार झाले. त्याच वर्षी सरकारने पोलादाला संरक्षण देणारा कायदा केला, परदेशी मालावर जकात वाढली आणि कारखाना तरला.

हे मी रात्री जेवताना रंगवून सांगितलं. मला वाटलं, बाबा खूश होतील. त्यांनी भाकरी मोडता मोडता एवढंच विचारलं, की पगार झाले ते ठीक, पण पुढे माणसं किती राहिली? मला उत्तर माहीत नव्हतं. सगळी पुस्तकं हिऱ्यापाशी येऊन थांबतात!

म्हणून पुन्हा लायब्ररी. आणि सापडलं १९२८ साल. संरक्षण मिळालं ते फुकट नव्हतं. खर्च कमी करा, माणसं जास्त आहेत, हा दबाव त्यासोबत आलाच. १९२७ च्या नव्या कायद्यात ब्रिटिश पोलादाला सवलत मिळाली, म्हणजे आणखी आवळून घेणं आलं. कंपनीने कामगार कमी करायला घेतले आणि १९२८ मध्ये जमशेदपूर पेटलं. संप, मग टाळेबंदी, कामगारांच्या नेत्यांतच दोन तट. ऑगस्टमध्ये सुभाषचंद्र बोस मध्यस्थीला आले आणि सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. चेअरमन तेव्हाही दोराबजीच होते.

म्हणजे बायकोचा हिरा गहाण ठेवणारा माणूसही चार वर्षांनी आपल्याच कामगारांना नोटिसा लागताना थांबवू शकला नाही. किंवा त्याने थांबवल्या नाहीत. यातलं कुठलं खरं यावर मी बराच विचार केला. माझं मत विचाराल तर दोन्ही थोडंथोडं. हिऱ्याने त्या महिन्याचे पगार झाले आणि कारखाना जिवंत राहिला, ही काही लहान गोष्ट नाही. कारखानाच गेला असता तर १९२८ मध्ये भांडायलाही कोणी उरलं नसतं. पण पोलादाचा भाव आणि जकातीचा दर कुठल्याही हिऱ्याला बधत नाही, आणि पाळीवरच्या माणसाला तर मालकाच्या तिजोरीत काय आहे हे कधीच कळत नाही. त्याला फक्त बोर्डावरचा कागद दिसतो.

शेवट लवकर सांगतो. मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने ब्रिटनमध्ये गेल्या. दोराबजींना मूल नव्हतं. १९३२ मध्ये त्यांनी आपली सगळी संपत्ती ट्रस्टला देऊन टाकली आणि पत्नीच्या समाधीला भेट द्यायला निघाले असताना, त्याच वर्षी ३ जूनला जर्मनीत त्यांचं निधन झालं. तो हिरा नंतर विकला गेला. ट्रस्टच्या पैशांतून पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आणि टीआयएफआर उभं राहिलं.

हे सगळं बाबांना सांगितलं, १९२८ सकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की, सुभाषबाबू आपल्या युनियनला मिळणार नाहीत, तेव्हा आकडे आपणच बघू. आईने दिवाणखान्यातला लाइट लावला. बाबांनी माझ्या जुन्या मॅथ्सच्या वहीचं मागचं पान उघडलं. पीएफ एका बाजूला, व्हीआरएसचे एका बाजूला, ताईच्या लग्नाचं कर्ज आणि माझी राहिलेली फी खाली. मी कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी बसलो. ग्रॅच्युइटीचा फॉर्म्युला त्यांना पाठ होता. शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. वर २६, खाली २६. बाबांनी दोन्हींवर काट मारली. उरले १५ पगार.

ते त्यांनी दोनदा तपासलं. फॉर्म भरायची शेवटची तारीख महिनाअखेर आहे.