बाबा पदमनजी : आपल्याच ज्ञातीचा एक दुरावलेला पुत्र

स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे देताना एक नाव आपण नेहमी गाळत आलो आहोत. ते नाव म्हणजे बाबा पदमनजी मुळे. कारण सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि आपण त्यांस पंक्तीतून उठविले, तसेच स्मृतीतूनही उठविले. त्यांचे चरित्र ज्ञातिबंधूंपुढे ठेवणे हे आम्ही आज आपले कर्तव्य समजतो.

बाबांचा जन्म 1831 साली बेळगाव येथे एका कासार कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घरचे वातावरण धर्मनिष्ठ होते आणि बालपणी बाबाही मोठे भाविक होते. प्रथम बेळगावच्या मिशन शाळेत व पुढे मुंबईस त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. तेथे मिशनऱ्यांचा सहवास घडला आणि मनात शंकांचे काहूर उठले.

त्याच सुमारास, 1849 मध्ये, दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली होती. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करून सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. पण हे सर्व गुप्तपणे चाले. बाबाही या सभेत होते. परंतु मनात एक आणि जनात एक, हे त्यांच्या स्वभावास मानवेना. 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही आप्तेष्टांच्या डोळ्यांदेखत, जन्मगावी बेळगावातच. त्या काळी या पावलाची किंमत म्हणजे घर, गोत आणि ज्ञाती या सर्वांस मुकणे. ती त्यांनी मोजली.

स्त्रियांच्या दुःखाविषयी त्यांचा कळवळा मात्र धर्मांतरापूर्वीपासूनचा होता. 1852 सालीच त्यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध लिहिला होता. 1856 मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. यमुना व तिचा पती विनायक प्रवासास निघतात, आणि ठिकठिकाणी त्यांस केशवपन झालेल्या, छळाने गांजलेल्या विधवा भेटतात. अखेर यमुनेवरच वैधव्य ओढवते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक हिचा निर्देश करतात. पुढे 1890 पासून हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली. तिची नायिकाही यमूच, आणि तिच्या कथेच्या शेवटीही केशवपनाचा तोच घाला आहे. मराठी कादंबरीने विधवेचे दुःख आपला विषय केले, त्या वाटेवरचे पहिले पाऊल आपल्या ज्ञातीतील एका पुरुषाचे आहे.

बाबांनी शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके लिहिली. ‘सत्यदीपिका’ पत्र चालविले, मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती 1863 मध्ये सिद्ध केली, नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक असून परमहंस सभेचा इतिहास लिहिणाऱ्यास त्यावाचून पुढे जाता येत नाही. पुण्यास काही काळ पाळकाचे काम केल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य मुख्यतः ग्रंथलेखनात घालविले. 1906 साली त्यांचे देहावसान झाले.

आम्ही त्यांचे दोष झाकू इच्छीत नाही. त्यांची लेखणी प्रचाराची होती. पूर्वजांच्या धर्मावर त्यांनी केलेली टीका पुष्कळदा कठोर, क्वचित एकांगीही आहे, आणि यमुनेच्या दुःखावर त्यांनी सुचविलेला उपाय बहुतेकांस मान्य होणारा नाही. परंतु ज्या घरात विधवा मुलीचे अश्रू कोणी पुसत नव्हते, त्या घराचे दार त्यांनी ठोठावले, हे कसे नाकारावे? त्यांनी सांगितलेला उपाय आपण घेतला नाही; पण त्यांनी दाखविलेली जखम खरी होती. ती बरी करण्यास आपल्याच समाजास पुढे पुष्कळ काळ लागला.

आमची विनंती एवढीच की, ज्ञातीच्या प्रत्येक वाचनालयात ‘यमुनापर्यटन’ व ‘अरुणोदय’ यांची एक एक प्रत असावी आणि आपल्या मुलामुलींनी ती वाचावी. बाबा पदमनजींचा धर्म त्यांचा होता. त्यांची मराठी मात्र आपलीही आहे. ज्ञातिगौरवाच्या यादीत त्यांचे नाव लिहिले, तर त्या यादीस उणेपणा येणार नाही; उलट इतकी वर्षे राहिलेला एक उणेपणा भरून निघेल.