श्रीनागदेवाचार्यांचा अनित्यवास

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी शके ११९६ (इ. स. १२७४) मध्ये उत्तरापंथे गमन केले, तेव्हा मागे उरलेल्या परिवारापाशी मठ नव्हता की हातभर जागाही नव्हती. ती स्वामींनीच ठेवू दिली नव्हती. आप्तेष्टांच्या मुलखापासून दूर राहावे, अनोळखी गावी भिक्षा करावी, झाडाच्या तळी अथवा ओस देवळात विसावावे आणि देहाचा भार परमेश्वरावर टाकून नामस्मरण करावे, अशी त्यांची आज्ञा होती. सन्निधान असेपर्यंत हा आचार जड वाटला नाही, कारण स्वामी जेथे उतरत तेच घर होई. असन्निधानात मात्र उद्या कोठे राहावयाचे हा प्रश्न उघडा पडला, आणि त्याचा सर्वांत मोठा भार आला तो श्रीनागदेवाचार्यांवर, म्हणजे भटोबासांवर.

आचार्य प्रथम दुःखानेच व्याकूळ झाले होते. त्यांची निष्ठा जन्मजात अढळ होती असे मानणे हा त्यांच्यावर अन्यायच होय. त्यांना सावरले ते आज्ञेने. आपल्या पश्चात ऋद्धिपुरी जाऊन श्रीगोविंदप्रभूंची सेवा करावी, असे स्वामींनी सांगून ठेविले होते. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस मेहकर व लोणार ही स्वामींच्या वास्तव्याने पावन झालेली स्थाने आहेत. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदहून पूर्वेकडे वऱ्हाडात गेले असता अमरावती जिल्ह्यातील हे ऋद्धिपूर लागते. या बाजूच्या वासनिकांना तो प्रदेश परका नाही. गोदातीरी स्वामींसमवेत वावरलेल्या त्या परिवाराला मात्र आपला नित्याचा मुलूख मागे टाकावा लागला.

ऋद्धिपुरात आचार्यांना सुमारे बारा वर्षे सेवा लाभली. महदाइसा, म्हाइंभट आदी मंडळी तेथेच होती. गोविंदप्रभूंच्या विवाहाचा खेळ मांडला गेला, तेव्हा महदाइसांनी धवळे रचिले. म्हाइंभटांनी आचार्यांच्या साहाय्याने स्वामींच्या लीळा एकत्र केल्या, आणि त्या कार्याशी वाजेश्वरीचे नाव जोडले गेले. निवाऱ्याची शाश्वती नसलेल्या माणसांनी मराठीतील आद्य गद्यचरित्र सिद्ध करावे, ही गोष्ट आपण फार सहज सांगून जातो. म्हाइंभट तर मूळचे संपन्न आणि विद्वान. त्यांनी घरदार सोडूनच हे कार्य पत्करले होते.

पुढे तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात गोविंदप्रभूंनीही देह ठेविला. परिवार दुसऱ्यांदा पोरका झाला. ऋद्धिपुरातच एखादी वास्तू उभारून स्थिर होणे तेव्हा सोपे होते, आणि प्रभूंच्या स्थानाजवळ राहण्याचे निमित्तही होते. आचार्यांनी तसे केले नाही. ते परिवारासह पुन्हा गोदेच्या बाजूस आले. निंब्याच्या त्यांच्या वास्तव्यातील अनेक प्रसंग स्मृतिस्थळाने जतन केले आहेत. अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण यांचा क्रम त्यांनी मोडू दिला नाही.

परमेश्वरावर भार टाकला म्हणून सोबतच्या माणसांची चिंता सोडली, असे मात्र त्यांच्या चरित्रात कोठेही नाही. परिवारात म्हाताऱ्या बाया पुष्कळ होत्या. वाटेचे आणि थंडीवाऱ्याचे कष्ट त्यांनाही होते. आचार्य त्यांच्या शक्तीचा विचार करीत, इतकेच नव्हे तर त्यांच्या बुद्धीचाही. केशोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा त्याने या बाया नागवल्या जातील म्हणून आचार्यांनी त्यांना आवरले. घर नसलेल्या त्या स्त्रियांचे एकमेव धन म्हणजे त्यांना कळणाऱ्या भाषेतील स्वामींचे वचन होते, आणि तेही दुर्बोध झाले असते तर त्यांच्यापाशी काय उरले असते?

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. ज्यांचे वाडे होते, कोठारे होती, त्यांचीही झोप त्या वर्षांत उडाली. चौदाव्या शतकाच्या आरंभी आचार्यांचे देहावसान झाले व परिवाराची धुरा बाइदेवबासांकडे गेली. त्यानंतरच्या धामधुमीत, खालशाच्या धाडीत, म्हाइंभटांची मूळ पोथीच नाहीशी झाली. परंतु परिवारातील हिराइसांना लीळा मुखोद्गत होत्या. त्यांच्या स्मरणातून लीळाचरित्राचा पाठ पुन्हा लिहिला गेला.