एका खोलीतील विद्यापीठ

साताऱ्याहून मुंबईस आल्यावर सुभेदार रामजी सकपाळ यांनी परळच्या डबक चाळीत बिऱ्हाड केले. गिरणी कामगारांच्या त्या वस्तीत त्यांच्या वाट्याला एकच खोली होती. चूल, सरपण, भांडीकुंडी आणि माणसे यांची तीत दाटी. धाकट्या भीमरावांनी अभ्यास करावा तरी कोठे? जागेची ही अडचण रामजींनी आपली झोप मोडून दूर केली. मुलाला लवकर निजवून ते रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून त्याच्याच जागेवर आडवे होत. पुढचा अभ्यास रॉकेलच्या दिव्यावर चाले.

एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारे भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना तेथेच हेरले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्तीही मिळवून दिली.

न्यूयॉर्क व लंडन येथे विद्या संपादून परतलेल्या डॉ. आंबेडकरांचा संसार परळच्याच बी. आय. टी. चाळीत होता. दादरचे ‘राजगृह’ त्यांनी बांधले, तेही मुख्यतः ग्रंथांसाठी.

बुद्धिमत्ता उपजत असेल. पण तिला बसावयास जागा लागते. ती एका पित्याने व एका सार्वजनिक बागेने दिली. मुंबईत आजही असंख्य मुले एका खोलीत वाढतात. त्यांच्यासाठी रात्री उघडी राहणारी अभ्यासिका हे बाबासाहेबांचे कोणत्याही पुतळ्याइतकेच खरे स्मारक ठरेल.