समुद्रात लोखंड सापडत होतं, पण ते जहाजाचंच निघालं. जॉन मार्टिन यांनी घोळ पकडला

शेतात खत आहे, पाणी आहे, ऊन आहे, तरी पीक येईना. असं झालं तर शेतकरी डोक्याला हात लावेल. समुद्रशास्त्रज्ञांचं अगदी असंच झालं होतं.

अलास्काजवळचा समुद्र असो की अंटार्क्टिकाभोवतीचा, पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर. पण त्यावर वाढणारं वनस्पती प्लवक मात्र अगदी कमी. लोखंड कमी पडत असेल अशी शंका १९३० च्या दशकातच आली होती. पण मोजायला जावं तर पाण्यात लोखंड भरपूर दिसायचं.

इथं एन्ट्री होते जॉन मार्टिन यांची.

१९३५ साली अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये त्यांचा जन्म झाला. कॉलेजात असताना पोलिओ झाला, पाय अधू झाले. तरीही हा माणूस समुद्राकडेच वळला आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग मरीन लॅबोरेटरीजचा संचालक झाला.

मार्टिन यांच्या टीमनं ओळखलं की खरी गडबड मोजण्यात आहे. जहाज लोखंडाचं, नमुना काढायची तार लोखंडाची, त्यात गंज आणि धूळ. आणि समुद्रातलं लोखंड किती? ग्रॅमचे एक अब्ज भाग केले, तर लिटरभर पाण्यात त्यातले जेमतेम काही भाग. म्हणजे गंजाचा एक कण पडला तरी आकडा चुकणार.

मग त्यांनी बाटल्या ॲसिडनं धुतल्या, तारेऐवजी केव्हलरचा दोर घेतला, गाळलेल्या हवेच्या खोलीत काम केलं. तेव्हा कळलं, पाण्यात लोखंड जवळपास नाहीच. अलास्काच्या आखातातल्या पाण्यात चिमूटभराहून कितीतरी कमी लोखंड घातलं आणि बाटलीतलं प्लवक जोमानं वाढलं. १९८८ मध्ये हे संशोधन 'नेचर'मध्ये छापून आलं.

त्याच वर्षी एका व्याख्यानात मार्टिन गमतीनं म्हणाले की अर्धा टँकर लोखंड मिळालं तर हिमयुग आणून दाखवतो. कारण प्लवक वाढलं की ते हवेतला कार्बन शोषतं. पण बाटलीत घडतं ते समुद्रात घडेलच असं नाही, असं म्हणत अनेकांनी विरोध केला.

खुल्या समुद्रात प्रयोग ठरला, पण जून १९९३ मध्ये कॅन्सरनं मार्टिन गेले. चारच महिन्यांनी सहकाऱ्यांनी गॅलापागोसच्या दक्षिणेला सुमारे ६४ चौरस किलोमीटर समुद्रात लोखंड सोडलं. प्लवक वाढलं. मार्टिन बरोबर होते.

हवामान बदलावर हाच उपाय का नाही? तेही तपासून झालं. २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेनं जर्मन शास्त्रज्ञांसोबत दक्षिणी महासागरात 'लोहाफेक्स' प्रयोग केला. प्लवक वाढलं, पण सिलिकेट कमी असल्यानं कवचवाल्या डायटम वाढल्या नाहीत. उरलेलं बारीक जीवांनी खाल्लं, आणि तळाकडे फारसा कार्बन गेलाच नाही.

म्हणजे नुसतं लोखंड टाकून भागत नाही. पाण्यात आधी काय आहे आणि काय नाही, ते नीट मोजावं लागतं. मार्टिन यांनी सुरुवात तिथूनच केली होती.